जुनी गाडी: किती दुरुस्त करायची, कुठे थांबायचं?

रविवारची सकाळ. गॅरेजवाल्याने मोबाइलवर पाठवलेला अंदाजपत्रकाचा फोटो घरातले सगळे आळीपाळीने पाहत आहेत. १५ वर्षांपूर्वी घेतलेली छोटी पेट्रोल गाडी आणि दुरुस्तीचा आकडा ९७,००० रुपये. विकायला काढली तर जेमतेम ९०,००० मिळतील. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, यात आता पैसे घालणं म्हणजे वेडेपणा आहे. विकून टाकू.’’ बाबा म्हणतात, ‘‘इंजिन अजून लोण्यासारखं चालतंय. विकायची कशाला?’’ आई काहीच बोलत नाही. मुलीची पाठवणी याच गाडीतून झाली होती आणि नातवाला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेही याच गाडीतून.

तुमच्या घरीही असा रविवार येऊन गेला असेल किंवा लवकरच येईल. अशा वेळी घराचे दोन पक्ष पडतात. एकाला सगळं दुरुस्त करायचं असतं, तर दुसऱ्याला गाडी लगेच काढून टाकायची असते. बहुतेक वेळा योग्य उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. ते शोधायचं तर त्या कागदावरच्या एकूण आकड्याकडे पाहणं थांबवा आणि एकेक ओळ वेगळी वाचा.

आधी ठरवा, गाडी कशासाठी हवी?

गॅरेजमध्ये जाण्याआधी हा प्रश्न घरात बसून सोडवायचा असतो. पुढच्या २-३ वर्षांत या गाडीकडून तुम्हाला नेमकं काय काम हवं आहे?

रोज ऑफिसला ३०-४० किलोमीटर जायचं असेल, महिन्यातून एकदा गावी जायचं असेल, तर गाडी भरवशाची आणि सुरक्षित हवी. रस्त्यात बंद पडली तर कामाचा दिवस जातो.

बाबांना मंडईत, बँकेत, डॉक्टरांकडे जायला हवी असेल, तर गरज वेगळी आहे. आठवड्याला २०-२५ किलोमीटर, तेही शहरात आणि कमी वेगाने. अनेक ज्येष्ठांना जुन्याच गाडीचा क्लच, गिअर आणि अंदाज अंगवळणी पडलेला असतो. नवी गाडी दारात आली की ते गाडी चालवणंच सोडून देतात. म्हणजे इथे प्रश्न त्यांच्या स्वतंत्रपणे फिरण्याचाही आहे.

तिसरी शक्यता अशी की गाडी वापरायची नाही, फक्त जपायची आहे. आजोबांची फियाट किंवा घरातली पहिली मारुती ८०० असेल, तर तो वाहनाचा खर्च नसून छंदाचा खर्च आहे. दागिना किंवा सहल यांसारखा तो वेगळ्या खिशातून करायचा.

एकाच गाडीसाठी या तिन्ही कामांचा खर्च तिप्पट-चौपट फरकाने बदलतो. म्हणून काम ठरवल्याशिवाय मेकॅनिकला ‘‘काय काय करावं लागेल?’’ असं विचारू नका. तो यादी देईल आणि ती यादी संपणार नाही.

गाडीची खरी तब्येत पाहा

जुन्या गाडीचं भवितव्य इंजिनावर ठरतं असं आपल्याला वाटतं. खरं तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स हे भाग काढता येतात, दुरुस्त करता येतात, बदलता येतात. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते. गाडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा असतो. तो आतून सडला असेल तर बाकी सगळं नवं टाकूनही उपयोग होत नाही.

म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायला सांगा आणि तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. दरवाजांच्या खालची पट्टी, पायाखालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा इथे गंज पाहायचा. वरवरचा तांबूस गंज घासून, रंग देऊन थांबवता येतो. पण स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर तो गंभीर मामला आहे. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा समुद्राजवळच्या ठिकाणी राहिलेल्या गाडीत ही तपासणी अजिबात टाळू नका. नुकताच रंग दिलेली गाडी असेल तर कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर असू शकतो.

इंजिनाचे काही इशारे घरच्या घरी कळतात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, कूलंट वारंवार कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर कूलंट इंजिनात शिरत असण्याची शक्यता आहे. ही लक्षणं दिसली तर पैसे घालण्याआधी कम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तिचा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने अगदी किरकोळ असतो आणि इंजिन किती दमलंय हे त्यातून कळतं.

टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो शेवटचा कधी बदलला हे विचारा. कंपनीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरनंतर किंवा किती वर्षांनी बदलायचा हे दिलेलं असतं. गाडी कमी चालली असली तरी वर्षांची मर्यादा लागू होते. चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह वाकतात आणि छोटा खर्च एकदम मोठा होतो.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून समाधान मानू नका. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक कोड असतो. २३१९ असं लिहिलेलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, रबर कडक होतं आणि बारीक भेगा पडतात.

आणखी एक गोष्ट. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि गास्केट तपासून, गरज असेल तर बदलून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर एक दिवसही थांबू नका.

कागदाचे तीन भाग करा

आता पुन्हा त्या ९७,००० रुपयांच्या कागदाकडे येऊ. त्यात काय आहे? चार टायर १६,०००, ब्रेकचं काम ७,०००, सस्पेन्शन १२,०००, दरवाजाखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडणं ८,०००, क्लच ९,०००, पूर्ण गाडीला रंग ३५,००० आणि नवी सीट कव्हर्स, म्युझिक सिस्टीम वगैरे १०,०००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या शहरातले आकडे वेगळे असतील. पण विभागणी हीच राहील.

पहिला भाग जिवाचा. टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि सांगाड्याचा पत्रा मिळून ४३,००० होतात. स्टिअरिंग, सीट बेल्ट, हेडलाइट, वायपर हेही याच भागात येतात. गाडी रस्त्यावर आणायची असेल तर यात काटछाट करायची नाही. ‘‘सध्या पुढचे दोनच टायर टाकू’’ ही बचत महागात पडू शकते. हा भाग परवडत नसेल तर गाडीही परवडत नाही असं समजा.

दुसरा भाग भरवशाचा. इथे फक्त क्लच, म्हणजे ९,०००. बॅटरी, सेल्फ, रेडिएटर, नळ्या, बेल्ट यांचा समावेशही यातच होतो. गाडी रोज वापरणार असाल तर हे काम लगेच करा. फक्त आसपास फिरायची असेल तर काही कामं पुढे ढकलता येतात.

तिसरा भाग डोळ्यांचा. रंग आणि सजावट मिळून ४५,०००. जवळजवळ निम्मं बिल इथेच आहे. या पैशाने गाडी एक किलोमीटरही जास्त चालणार नाही आणि विकताना हा खर्च भरून निघत नाही. जिथे पत्रा उघडा पडला आहे तिथे गंज रोखण्यापुरता रंग द्या, बाकीचं राहू द्या.

म्हणजे ९७,००० चा प्रश्न ५२,००० वर आला. बाबांची गाडीही राहिली आणि मुलाचं म्हणणंही बऱ्याच अंशी मानलं गेलं.

हिशेब गाडीच्या किमतीशी जोडू नका

‘‘गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग, मग विका,’’ हा सल्ला सर्रास दिला जातो. विमा कंपन्याही असंच एक माप वापरतात. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. पण विमा कंपनी पैसे देऊन मोकळी होते. तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशीही कुठेतरी जायचं असतं.

म्हणून तुलना अशी करा. ५२,००० खर्चून गाडी आणखी दोन वर्षं चालली तर महिन्याला साधारण २,२०० रुपये पडतात. अचानक निघणाऱ्या कामांसाठी महिन्याला आणखी १,५०० बाजूला ठेवा. झाले ३,७००. दुसरीकडे नव्या गाडीसाठी ५ लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये येतो. शिवाय सुरुवातीला भरायची रक्कम आणि नव्या गाडीचा मोठा विमा आहेच.

मात्र या हिशेबाला एक अट आहे. दुरुस्तीनंतर गाडी खरंच दोन वर्षं चालली पाहिजे. म्हणूनच पत्रा आणि इंजिनाची तपासणी आधी करायची. सांगाडा सडलेला असेल तर २०,००० सुद्धा जास्त आहेत. सांगाडा धडधाकट असेल तर ५०,००० वाया जात नाहीत.

आणखी एक काम आजच करा. मर्यादा कागदावर लिहून ठेवा. ‘‘या वर्षी ६०,००० पर्यंत. त्यापुढे एखादं मोठं काम निघालं तर गाडी विकायची.’’ हे आधी लिहिलं नाही तर पुढच्या खेपेला मन म्हणतं, ‘‘आधीच एवढे घातलेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायची?’’ झालेला खर्च परत येत नसतो. प्रत्येक नवा खर्च आज पहिल्यांदा विचारला जातोय असं समजूनच ठरवा.

दुरुस्तीने जे मिळत नाही

उत्तम दुरुस्तीने गाडी फार तर ती नवी होती तेव्हासारखी होते. आजच्या गाडीसारखी होत नाही. आपल्याकडे ड्रायव्हरसाठी एअरबॅग सगळ्या नव्या कारमध्ये सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. एबीएसची सक्तीही त्याच वर्षी सगळ्या नव्या कारना लागू झाली. त्याआधीच्या अनेक बेसिक मॉडेल्समध्ये यातलं काहीच नव्हतं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेल्सची टक्कर चाचणी घेतली तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. ही साधनं गॅरेजमध्ये नंतर बसवून घेता येत नाहीत.

म्हणून गाडी ठेवायचं ठरलं तरी तिच्या वापराची हद्द ठरवा. शहरात, दिवसा, ५० च्या आत चालणारी गाडी आणि नातवंडांना मागे बसवून एक्स्प्रेस वेवर धावणारी गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावी जायला बस, रेल्वे किंवा भाड्याची चांगली गाडी घ्या. बाबांना हे सांगणं अवघड जाईल. पण ‘‘गाडी काढून टाकू’’ यापेक्षा ‘‘गाडी राहू दे, हायवेला मात्र नको’’ हे त्यांनाही पटण्यासारखं आहे. मागच्या सीटवरही बेल्ट लावायचा हा नियम घरात सगळ्यांना सारखा.

खर्चाआधी नियम पाहा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओमध्ये गाडी दाखवून दर ५ वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी २०२५ मध्ये १०,००० झालं. काही राज्यांत त्यावर पर्यावरण करही असतो. आरसीवरची तारीख आजच पाहा. तपासणीसाठी लागणारी दुरुस्ती आणि तुम्हाला हवी असलेली दुरुस्ती एकाच वेळी केली तर मजुरी वाचते.

तुम्ही दिल्ली किंवा आसपास राहत असाल तर आणखी सावध राहा. तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली होती. २०२५ मध्येही या विषयावर न्यायालयाचे नवे आदेश आले. तुमच्या गाडीच्या वर्षाला आणि बीएस श्रेणीला आज कोणता नियम लागू आहे ते पाहिल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालू नका.

नोकरीच्या बदलीमुळे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिथली नोंदणी आणि रोड टॅक्स यांचा खर्चही हिशेबात धरा. जुन्या गाडीच्या बाबतीत कधी कधी एवढ्यानेच निर्णय बदलतो. रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

गॅरेजमध्ये गाडी देताना

निदान आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं समजा. शक्य असेल तर तपासणी एका ठिकाणी करा आणि दुसऱ्या मेकॅनिकचंही मत घ्या. अंदाजपत्रकात प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. ‘‘मला विचारल्याशिवाय यादीबाहेरचं काम करायचं नाही,’’ हे आधीच सांगा. बदललेले जुने पार्ट परत मागा. ते घरी आणायची गरज नाही, पाहिले तरी पुरे.

कंपनीने मॉडेल बंद केलं असेल तर पार्ट मिळतात का, हे आधी विचारा. भारतात कार बनवणं बंद केलेल्या कंपन्यांच्या गाड्यांबाबत तर हा प्रश्न पहिला. दिल्लीचं कश्मीरी गेट आणि मायापुरी, मुंबईचं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार, बेंगळुरूचं शिवाजीनगर इथे जुने पार्ट मिळतात. दरवाजा, आरसा, काच, डॅशबोर्ड असं काही तिथून घ्यायला हरकत नाही. पण ब्रेक, टायर, सीट बेल्ट आणि स्टिअरिंगचे भाग सेकंडहँड घेऊ नका.

मूळ रूपात आणायची असेल तर

काही गाड्या हिशेबापलीकडच्या असतात. मुंबईत ‘काली-पिली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शहराचा निरोप घेतला तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिल्या ग्राहकाला दिलेली मारुती ८०० पुढे अनेक वर्षं गंजत उभी होती. नंतर तिला मूळ रूप देऊन कंपनीच्या मुख्यालयात ठेवण्यात आलं.

तुमच्या मनात असं काही असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, आधी पत्रा, मग यंत्र, मग वायरिंग, मग रंग आणि शेवटी सीट असा क्रम ठेवा. रंग आधी दिला तर पुढच्या कामांत त्यावर ओरखडे येतातच. दुसरी, सगळी गाडी एकदम खोलू नका. डब्यांत भरून ठेवलेल्या सुट्या भागांच्या अनेक गाड्या पुन्हा कधीच जोडल्या जात नाहीत. एक टप्पा पूर्ण करा, पैसे जमवा, मग पुढचा घ्या. तिसरी, मूळ भाग टाकू नका. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

निरोप द्यायचा ठरला तर

सांगाडा सडलाय, पार्ट मिळत नाहीत किंवा गाडी चालवणारंच कोणी उरलं नाही, तर निरोप द्यायला संकोच नको. पण तो नीट द्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊन मोकळे होऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर राहिली आणि गाडीचा किंवा नंबरचा गैरवापर झाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये राज्याच्या नियमानुसार जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गाडी विकत असाल तर नवीन मालकाच्या नावावर नोंदणी झाल्याची खात्री करा. तोवर कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवा.

आणि आठवणीचं काय? त्यासाठी अख्खी गाडी अंगणात गंजत ठेवावी लागत नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढा. बाबांना एक शेवटची फेरी मारू द्या. गाडीतला छोटा गणपती नव्या गाडीत लावा. गिअरचा नॉब किंवा किल्लीची जुनी कीचेन घरात ठेवा.

तर येत्या रविवारी कागद-पेन घ्या आणि सगळे एकत्र बसा. जिवाचं, भरवशाचं आणि डोळ्यांचं असे तीन रकाने आखा. खर्चाची मर्यादा आणि वापराची हद्द खाली लिहा. मग गॅरेजवाल्याला फोन करा. आणि जे ठरेल ते बाबांना कळवू नका, त्यांच्यासोबत बसूनच ठरवा. इतकी वर्षं स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. या वळणावरही त्यांचा हात असायला हवा.